अक्काने वाचलेली पुस्तकं

आमचं दुकान पांढुर्ण्याच्या स्टेशनरस्त्यावर होतं आणि घर त्याच्या मागेच. मधे दोन पायऱ्या आणि एक अंधारी खोली, की लगेच चूल. त्यामुळे आमच्या दुकानातल्या पुस्तकांना कायम फोडणीचा वास यायचा. गिऱ्हाईक पुस्तक उघडून नाकाशी नेई आणि म्हणे, "मास्तर, आज तुरीच्या सोल्यांची भाजी दिसून राहिली." बाबा मास्तर नव्हते, पण पुस्तकं विकणारा माणूस मास्तरच असणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की बाबा दुकानाच्या फळ्या काढत. मग दिवसभर रस्त्यावरून कापसाच्या बंड्या जात, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राही, आणि नागपूरकडची गाडी आली की कपाटाच्या काचा थरथरत. आई चुलीवरून नजर न काढता सांगे, "मालगाडी होय," किंवा "पाशिंजर होय," आणि ते कधी चुकत नसे.

दुकान चालायचं ते शाळेच्या पुस्तकांवर, पाट्यांवर, पंचांगांवर आणि पोथ्यांवर. पण बाबांचा जीव होता दाराजवळच्या एका फळीत. त्या फळीवर नवी पुस्तकं असत, कागदी बांधणीची, हलकी, स्वस्त. कादंबऱ्या बाबा ठेवत नसत. "मनानं रचलेलं कोनीबी विकंन," ते म्हणत, "मी खरं विकतो." खरं म्हणजे काय काय? कोणी बदरीनाथला पायी जाऊन आला त्याची हकीकत, कोणी तुरुंगात काढलेल्या वर्षांच्या आठवणी, मधमाश्या कशा पाळाव्या, आकाशातले तारे कसे ओळखावे, साप चावल्यावर काय करावं आणि काय करू नये. बाबा महिन्यातून एकदा नागपूरला जात, सीताबर्डीच्या दुकानांमध्ये दिवसभर उभे राहून पुस्तकं चाळत आणि संध्याकाळच्या गाडीने सुतळीने बांधलेला गठ्ठा खांद्यावर घेऊन परत येत. तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. राजधानी म्हणजे आम्हा मुलांच्या मते पुस्तकं, बर्फी आणि मोठा डॉक्टर जिथे मिळतो ते गाव.

गठ्ठा सुटला की पहिला हात अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण विमल. माझ्यापेक्षा बरीच मोठी, उंच, सावळी, आणि बोलायला लागली की हातातलं काम विसरणारी. मॅट्रिक झाली होती. पुढे शिकवायला नागपूरला ठेवावं लागलं असतं, ते आजोळच्या मंडळींनी होऊ दिलं नाही. मग ती दुकानातच बसू लागली. त्या काळी पुष्कळ पुस्तकांची पानं न कापताच येत. चार चार पानं कडेला जोडलेली असत आणि विकत घेणाऱ्याने ती सुरीने कापायची. कापलेलं पुस्तक नवं म्हणून विकता येत नसे. तेव्हा अक्का ती जोडपानं नळीसारखी फुगवून, आत डोळा घालून वाचायची. एकदा वरून, एकदा खालून, कधी पुस्तक उलटं धरून. मी विचारायची, "दिसते काय अंदर?" तर म्हणायची, "काश्मीर दिसून राहिला. थांब, बोलू नको, नावेत बसून राहिले ते."

तिचं वाचून झालं की पुस्तकाचा निकाल लागे. गिऱ्हाईक आलं की बाबा तिच्याकडे बघत. ती म्हणे, "हे घ्या." किंवा सरळ म्हणे, "हे राहू द्या, काका. मानूस काशीले गेला, पन यात काशी नाही, निरा त्याचा सामान आहे." बाबा कपाळाला हात लावत, पण चिडत नसत. हळूहळू गावातले शिक्षक, पोस्टातले कारकून, लोधीखेड्याकडचे एक-दोन पाटील, असे लोक बाबांना न विचारता थेट तिलाच विचारू लागले, "विमलबाई, यंदा नवीन वाचन्यासारखं काय आलं?" आज माझी नात मोबाईलवर बोट फिरवून पुस्तकांना चांदण्या देते. ते पाहिलं की मला अक्का आठवते. तिच्याकडे चांदण्या नव्हत्या, पण तिने "घ्या" म्हटलेलं पुस्तक कोणी परत आणून दिल्याचं मला आठवत नाही.

तिचं लग्नही असंच पुस्तकावरून जमलं. सौंसरहून एक तरुण शेतकरी आला होता, रघुनाथ नावाचा. त्यांच्या संत्र्याच्या बागेत कोळशी पडली होती, पानं काळी होऊन झाडं वाळत होती. त्याने संत्र्याच्या लागवडीवरचं पुस्तक उचललं. अक्का म्हणाली, "हे नका घेऊ. यात कोळशीवर दीडच पान आहे, अन् तेबी मोघम." तो म्हणाला, "तुमाले काय माहीत कोळशी?" तिने दुसरं पुस्तक काढून दिलं आणि कोणतं औषध कधी फवारायचं ते तोंडपाठ सांगितलं. तो हसला नाही, वाद घातला नाही. पुस्तक घेऊन गेला. पुढच्या बहाराला संत्र्यांची टोपली घेऊन आला आणि बाबांसमोर ठेवून म्हणाला, "बाग वाचली." त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. पुस्तकं नेई, वाचे, आणि अक्काशी त्याबद्दल वाद घाले. आईच्या लक्षात आलं, बाबांच्या जरा उशिरा. जात-कुळी जुळत होती, घर खाऊन-पिऊन सुखी होतं. आमच्या अंगणातच मांडव पडला. पाठवणीच्या वेळी आईने शिदोरी दिली आणि बाबांनी पुस्तकांचा गठ्ठा.

याच सुमारास गावात प्रांतांचं बोलणं सुरू झालं. भाषेवरून नवीन प्रांत होणार, नागपूर एकीकडे जाणार आणि आम्ही दुसरीकडे, हिंदी मुलखात राहणार, असं लोक बोलू लागले. आधी कोणी खरं मानेना. नागपूर आणि पांढुर्ण्यामधून रेघ कशी जाईल? आमच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या सुना इकडे. पण बाबांना झोप येईना. ते आईला म्हणत, "मराठी शाळा राहीन का नाही, काही सांगता येत नाही. शाळा गेली तं पुढं वाचन कोन?" मग गावातल्या चार जाणत्यांनी ठरवलं की आमचा मुलूख नागपूरसोबतच ठेवावा म्हणून अर्ज करायचा आणि त्यावर खेडोपाडी जाऊन सह्या घ्यायच्या. बाबा त्यात पडले. दुकान आईवर आणि माझ्यावर टाकून ते बंडीतून खेड्यांकडे जात, कधी दोन-दोन मुक्काम करत, आणि घसा बसवून परत येत.

अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती याच दिवसांत. घर एकदम भरल्यासारखं झालं. आई तिच्यासाठी गोळाभात करी, अंबाडीची भाजी करी, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवी. बाबा एका मुक्कामाहून परत आले तेव्हा नागपूरहून आलेलं एक नवीन पुस्तक त्यांनी तिच्या उशाशी ठेवलं आणि खाकरत बाहेर निघून गेले. एका डॉक्टरीणबाईंनी बायकांसाठी लिहिलेलं ते पुस्तक होतं, गरोदरपणावरचं आणि बाळंतपणावरचं. बाबांनी त्याच्या बऱ्याच प्रती आणल्या होत्या आणि एकही खपली नव्हती. पुरुष ते हातात घ्यायला लाजत आणि बाया दुकानाची पायरी चढत नसत. अक्काने मात्र त्याची पानं खुशाल सुरीने कापली. "हे काही इकाचं नाही आता," म्हणाली, "हे माह्यं आहे."

ती दुपारी पडल्या पडल्या मला त्यातलं सांगायची. आईला ते आवडत नसे. पोरीबाळींसमोर काय बोलावं याला काही धरबंध? पण अक्का ऐकत नसे. तिने दाईला बोलावून घेतलं आणि नाळ कापायचं पातं उकळून घ्यायला सांगितलं. दाई हसली, पण "बरं माय" म्हणाली. अक्काचे पाय सुजले तेव्हा आई घाबरली, तर अक्कानेच समजूत घातली, "पाय सुजतेत, आई. त्यानं काही होत नाही. तोंड अन् हात सुजले तं मंग घरी थांबायचं नाही, असं लिहिलं त्यात." तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. कोणाला नवीन पुस्तकातली गंमत सांगावी, तसं तिने ते सांगितलं होतं.

आठवा लागला होता. तिच्या सासूबाई ओटी भरायला सौंसरहून आल्या. मोठ्या कष्टाळू बाई, बोलायला फटकळ, पण सुनेसाठी डिंकाचे लाडू स्वतःच्या हाताने करून आणलेले. ओटी झाली, बायकांनी गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का उठली ती डोकं धरूनच. बांगड्या हातात रुतल्या होत्या. डोळ्यांखाली सूज होती. तिने आरशात पाहिलं, आरसा खाली ठेवला आणि आईला म्हणाली, "आई, मले आजच्या गाडीनं नागपूरले ने."

आई पीठ मळत होती. "काहून? कळा येऊन राहिल्या का?"

"नाही. डोकं ठनकून राहिलं अन् डोळ्यांपुढं काजवे येऊन राहिले. ते पुस्तकात आहे तसंच आहे. याच्यात झटके येतेत, आई. झटके आले तं जीव जाते."

सासूबाई लाडवांचा डबा लावून ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "पुस्तक वाचू वाचूच डोकं दुखून राहिलं तिचं. काल दिवसभर बसून होती, येवढ्या बायांची नजर पडली. मीठ-मिरच्या उतरवा. शनिवारी जामसांवलीले मारुतीरायाले नारळ फोडून येऊ."

"आत्याबाई, नारळबी फोडू," अक्का म्हणाली. ती शांतपणे बोलत होती, त्याचंच मला आज नवल वाटतं. "पन पहिले नागपूर. मंग तुम्ही म्हनान ते करू."

सासूबाईंचं तोंड उतरलं. "आठव्यात कोनी गाडीत बसवते का? रस्त्यात काही झालं तं लोक मले इचारतीन, तुमच्या समोर कसं जाऊ देल्लं म्हनून."

सगळं येऊन थांबलं ते आईवर. आई काही वाईट नव्हती, मूर्खही नव्हती. पण लेक आता त्यांची होती, आणि त्यांच्या म्हणण्याविरुद्ध गरोदर मुलीला पुरुषमाणसाशिवाय गाडीत घालून न्यायचं, हे तिच्या आयुष्यात कधी घडलेलं नव्हतं. ती म्हणाली, "तुह्या बाबाले येऊ दे. ते येतीन तं घेऊन जातीन." तिने दूधवाल्याबरोबर बाबांना निरोप पाठवला. ते कोणत्या खेड्यात होते, हे नक्की कोणालाच माहीत नव्हतं. दुसरा निरोप सौंसरच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडे दिला, जावईबापूंसाठी. दुपारची गाडी आली, काचा थरथरल्या. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. गाडी निघून गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "गेली."

खोलीच्या खिडकीला आईने जाड लुगडं बांधलं, कारण उजेड तिला सोसत नव्हता. मी कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसले. रात्रभर तिला उलट्या होत राहिल्या. सकाळी तिने माझ्याकडे पाहिलं, पण नजर माझ्या बाजूने गेली. "कोन, तू होय का शांता? तुह्यं पोलकं कोनत्या रंगाचं आहे?" मी म्हटलं, "हिरवं." ती म्हणाली, "मले दिसून नाही राहिलं." मी आईला हाका मारत स्वयंपाकघरात धावले आणि आम्ही दोघी परत आलो तोवर अक्काचं अंग ताठलं होतं.

सासूबाई किंचाळल्या. त्यांना वाटलं, काहीतरी अंगात शिरलं. त्याच वेळी रघुनाथभाऊजी दारात आले, पहिल्या मोटारीने निघून. त्यांनी लगेच शेजारच्या चार माणसांना हाका मारल्या, अक्काला बाजेसकट उचललं आणि स्टेशनच्या रस्त्याने अक्षरशः पळत नेलं. आई अनवाणी त्यांच्यामागे. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकसारख्या म्हणत होत्या, "ते तं सांगून राहिली होती. ते तं सांगून राहिली होती ना."

काटोल स्टेशन मागे पडल्यावर अक्का गाडीतच गेली. बाळ पोटातच होतं.

बाबा त्याच संध्याकाळी आले. निरोप त्यांना मिळालाच नव्हता. काम संपलं म्हणून ते परतले होते. त्या दिवशी पुष्कळ सह्या झाल्या होत्या आणि ते खुशीत होते. गुजरी बाजाराच्या वळणावर कोणीतरी बंडी थांबवून त्यांना सांगितलं. ते घरी आले, अंधाऱ्या खोलीत गेले आणि तिथे ते पुस्तक पडलं होतं, ते उचलून वाचत बसले. पहिल्या पानापासून. डोळ्यांतून पाणी काढलं नाही. सह्यांचे कागद दुसऱ्या कोणी पुढे नेले. नेऊनही काही झालं नाही. रेघ जिथे पडायची तिथे पडली. नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे राहिलो. गावात त्यावर किती दिवस चर्चा चालली होती. आमच्या घरात तो विषय कोणी काढला नाही.

आईला भेटायला दुपारी बायका येऊन बसत. रडत, जुन्या गोष्टी काढत, देवाच्या मर्जीपुढे कोणाचं काय चालतं, असं म्हणत. असंच एका दुपारी बाबा दुकानातून उठून आत आले. बायकांनी डोक्यावरचे पदर ओढले. बाबा उंबऱ्यावर बसले, बायकांकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे. म्हणाले, "बायांनो, तुम्ही लाजू नका. मी तुमच्याकडं पाहत नाही. जे विमल वाचून सांगत होती, ते मी वाचतो. उठून जाचं असन तिनं जावं." आणि त्यांनी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

काही बायका खरंच उठून गेल्या. गावात कुजबुज झाली की मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला, परक्या बायांना नको ते वाचून दाखवतात. माझ्या मामांनी येऊन बजावलं. आईसुद्धा पहिल्या दिवशी कानांवर हात घेऊन परसात गेली. बाबांनी त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा उंबऱ्यावर बसले, पुन्हा पाठ करून. हळूहळू आई येऊन भिंतीशी बसू लागली, मग दाई आली, मग शेजारच्या सुना आल्या. पुस्तक संपलं की ते परत पहिल्यापासून वाचत. सुजेचं पान आलं तरी ते थांबत नसत. मला आज कोणी विचारलं, धैर्य म्हणजे काय, तर मला तुरुंगात गेलेली माणसं आठवत नाहीत. मला ती उंबऱ्यावरची पाठ आठवते, घामाने सदरा चिकटलेली.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. सौंसरच्या त्या घरात धाकट्या मुलाचं लग्न झालं होतं. मुलगी आमच्या पांढुर्ण्याचीच, पोस्टाच्या मागच्या गल्लीतली, आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी बाबा गिऱ्हाईकाला पाट्या मोजून देत होते. अक्काच्या सासूबाई दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या. अक्का गेल्यापासून त्या आमच्याकडे आल्या नव्हत्या. धापा टाकत होत्या, डोक्यावरचा पदर खाली आला होता, त्याचंही भान नव्हतं.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "धाकटीले पाहाले आली मी. तिचं तोंड सुजलं. हातबी. डोकं दुखून राहिलं म्हनते. मी तिच्या माय-बापाले सांगून राहिली, नागपूरले न्या, आत्ताच न्या. कोनी ऐकून नाही राहिलं. म्हनतेत, दोन दिवस पाहू. तुम्ही चला. तुमच्या पाया पडतो, तुम्ही चला."

बाबांनी पाट्या तशाच टाकल्या. दुकानाच्या फळ्याही लावल्या नाहीत, गिऱ्हाईकालाच म्हणाले, "बसा इथं." मी त्यांच्यामागे धावले. त्या घरी मुलीचे वडील दारात आडवे आले, आमच्या लेकीचं आम्ही बघू म्हणाले. बाबा आवाज चढवून बोलल्याचं मी जन्मात एकदाच पाहिलं, ते त्या दिवशी. ते म्हणाले, "मीबी पाहतो म्हटलं असतं. पाहाले मी घरी नव्हतो. तुम्ही घरी आहा." त्या माणसाने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. दुपारच्या गाडीने मुलगी, तिची आई, सासूबाई आणि बाबा असे चौघं नागपूरला गेले.

तीन दिवस बाबांचा पत्ता नव्हता. आई जेवायला बसे आणि घास न घेता उठे. चौथ्या दिवशी ते आले. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं. आईने पाट मांडला, ज्वारीची भाकर वाढली, वर वरण घातलं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"झटके आले होते तिथं," ते म्हणाले, "पन डॉक्टरीण उशाशी होती. पोरगी वाचली. लेकरूबी वाचलं."

"चांगलं झालं," आई म्हणाली.

बाबांनी तुकडा तोंडाजवळ नेला आणि तो तसाच हातात राहिला. मग त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की मी आधी ओळखलाच नाही. ते रडत होते. अक्का गेली त्या संध्याकाळी न रडलेला माणूस भरल्या ताटावर बसून लहान मुलासारखा रडत होता, आणि मधूनच म्हणत होता, "इतकंच तं होतं. निरं गाडीत बसवाचं होतं." आईने ताट सरकवलं आणि ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. त्यांना गप्प करायचा प्रयत्न तिने केला नाही.